लघुशोधप्रबंध आणि मौखिकी : या चुका टाळा

एम. ए.च्या शेवटच्या सत्रात विद्यार्थी आधी लघुशोधप्रबंध उरकतात आणि नंतर मौखिकीची, म्हणजे तोंडी परीक्षेची, वेगळी तयारी करू लागतात. बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात, कारण मौखिकीतले प्रश्न प्रबंधाच्या शीर्षकातून, उद्दिष्टांतून आणि निष्कर्षांतूनच निघतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पहिले प्रकरण एकदा लिहून झाल्यावर त्याकडे पुन्हा न वळणे. माझ्या एका विद्यार्थिनीने ऊसतोड कामगार महिलांच्या आरोग्यावर काम केले होते. दोन टोळ्यांतल्या पंचवीस जणींच्या मुलाखती तिने स्वतः फडात जाऊन घेतल्या होत्या आणि ते काम खरोखर मोलाचे होते. शीर्षकात मात्र ‘मराठवाड्यातील’ हा शब्द तसाच राहिला होता. बाह्य परीक्षकांनी “पंचवीसच का, आणि याच दोन टोळ्या का?” एवढेच विचारले आणि ती गप्प झाली. वास्तविक उत्तर तिच्याजवळ होते : त्या हंगामात ज्या मुकादमांनी बोलू दिले, त्यांच्याच टोळ्यांपर्यंत ती पोहोचू शकली होती. ही मर्यादा प्रबंधात दोन ओळींत नोंदवली असती आणि शीर्षक तेवढेच आटोपशीर केले असते, तर त्याच प्रश्नावर तिला सर्वांत चांगले बोलता आले असते. म्हणून शेवटचे प्रकरण संपल्यावर एका कागदावर डावीकडे उद्दिष्टे आणि उजवीकडे निष्कर्ष लिहावेत. ज्या उद्दिष्टासमोरची जागा रिकामी राहील, ते एकतर पूर्ण करावे किंवा मार्गदर्शकांशी बोलून काढून टाकावे.

दुसरी चूक उसन्या मजकुराची. इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद मराठीत आणला की तो आपला झाला, असा समज सर्रास आढळतो. परंतु संदर्भ न देता केलेले भाषांतर हेही वाङ्मयचौर्यच आहे, आणि संगणकाच्या तपासणीतून ते निसटले तरी विषय जाणणाऱ्या परीक्षकांच्या नजरेतून निसटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार इतरांच्या मजकुराशी असलेल्या १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध सुधारून ठरलेल्या मुदतीत पुन्हा सादर करावा लागतो, आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. साम्य जास्त आले तर शब्दांची अदलाबदल करत बसू नये. अवतरणचिन्हे आणि तळटीपा कुठे सुटल्या आहेत, ते आधी पाहावे.

टंकलेखन पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच करावे. जुन्या फॉण्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात, आणि तो युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे व रफार बिघडतात. ही दुरुस्ती बांधणीच्या आदल्या रात्री होत नाही.

मौखिकीला जाताना स्वतःची प्रत, मूळ प्रश्नावल्या आणि मुलाखतींच्या वह्या सोबत असाव्यात. प्रश्न समजला नाही तर तो पुन्हा विचारण्याची विनंती करावी. एखादा ग्रंथ वाचलेला नसेल तर तसे सरळ सांगावे, कारण न वाचलेल्या ग्रंथाविषयीचा पुढचाच प्रश्न अवघड असतो. बांधणी झाल्यावर तक्त्यात चुकीचा आकडा सापडला, तर तो लपवू नये. मार्गदर्शकांना दाखवून एका पानाचे शुद्धिपत्र तयार करावे आणि परीक्षकांनी विचारण्याआधी ते त्यांच्यासमोर ठेवावे.