नवी हार्ड डिस्क दिसेना? दुकानात परत न्यायच्या आधी हे बघा

सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा झाली की माझ्या मावसभावाच्या कॉम्प्युटरमधली जागा संपते. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होम मैदानावरचं दारूकाम, सगळं मोबाइलवर काढून तो घरच्या मशीनवर साठवतो. यंदा त्यानं मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलले, विंडोज असलेली जुनी एम.२ एसएसडी (बोर्डावरच्या खाचेत बसणारी चपटी, चिपची डिस्क) उचलून नव्या बोर्डावर लावली आणि जोडीला ४ टीबीची हार्ड डिस्क आणली. रात्री दहाला फोन. "दादा, डिस्क दिसेनाच की! पीस खराब दिला बघ."

पीस चांगला होता. घोटाळा दुसरीकडेच होता, त्याच्याकडे येतोच.

आधी एकच गोष्ट ठरवा: डिस्क बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, दिसते का? मशीन चालू करताच डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. आत स्टोरेज किंवा साटा (हार्ड डिस्क बोर्डाला जोडायची पद्धत) नावाचं पान सापडेल, त्यात डिस्कचं नाव शोधा. नाव नसेल तर दोष वायरीत, पोर्टात किंवा डिस्कमध्ये आहे. विंडोजमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. नाव असेल तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा, पुढचं काम माउसचं. हे न बघताच लोक विंडोज नव्यानं टाकायला बसतात आणि चांगला डेटा घालवतात.

बायोसमध्ये नाव नाही

मशीन बंद करा, प्लग काढा, पॉवर बटण एकदा दाबून सोडा. हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. आता दोन्ही वायरी काढून पुन्हा घट्ट बसवा. अरुंद, ७ पिनांची ती डेटाची आणि रुंद, १५ पिनांची ती पॉवरची. डेटा केबलचं दुसरं टोक बोर्डावर अर्धवट बसलेलं मी बऱ्याचदा पाहिलंय.

मशीन चालू करून डिस्कवर अलगद बोट टेकवा. फिरत असेल तर बारीक थरथर लागते. काहीच लागत नसेल तर पॉवर पोहोचत नाही. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या, दुसऱ्या वायरीवर लावून बघा. इथं एक सांगतो, कारण यात डिस्क जळते. एसएमपीएस सुट्या वायरींचा असेल तर जुन्या एसएमपीएसची वायर नव्याला लावू नका. डिस्ककडचं टोक सारखंच असतं, पण एसएमपीएसकडच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. वायर बसते, आणि १२ व्होल्ट भलत्याच पिनेवर जातात.

डिस्क फिरतेय पण नाव नाही? डेटा केबल बदला. मग पोर्ट बदला. मावसभावाचा घोटाळा इथंच होता. पुष्कळ बोर्डांवर एम.२ ची खाच भरली की एखाददुसरा साटा पोर्ट आपोआप बंद पडतो, आणि यानं नेमकी त्याच पोर्टात डिस्क लावली होती. कुठला पोर्ट बंद पडतो ते बोर्डाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ती पुस्तिका खोक्यासकट माळ्यावर गेली होती.

बायोसमध्ये आहे, विंडोजमध्ये नाही

कोरी डिस्क 'धिस पीसी'मध्ये दिसत नाही, आणि ते बरोबरच आहे. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. 'इनिशियलाइझ' विचारलं तर जीपीटी निवडा. डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायची ती नवी पद्धत, एमबीआर ही जुनी. एमबीआर निवडलंत तर साधारण २ टीबीच्या पुढची जागा वापरता येणार नाही. मग 'अनअलोकेटेड' लिहिलेल्या काळ्या पट्टीवर उजवी क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', ड्राइव्हचं अक्षर, एनटीएफएस, क्विक फॉरमॅट. डिस्क 'ऑफलाइन' दिसली तर तिच्या नावावर उजवी क्लिक करून 'ऑनलाइन' करा.

फॉरमॅटआधी आकडा वाचा. ४ टीबीची डिस्क इथं साधारण ३७२६ जीबी दिसते, 'धिस पीसी'मध्ये ३.६३ टीबी. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं. दुकानदारानं फसवलेलं नाही. आकडा जुळत नसेल तर हात आवरा. आणि आधी डेटा असलेल्या जुन्या डिस्कवर विंडोज इनिशियलाइझ किंवा फॉरमॅट करू का विचारत असेल, तर उत्तर 'नाही'.

विंडोजच सुरू होईना

बायोसच्या बूट क्रमात विंडोजची डिस्क पहिली आहे का बघा. ती जुनी, एमबीआर पद्धतीची असेल तर बायोसमध्ये सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीनं बूट करायची सोय, चालू करावं लागेल. सगळ्या नव्या बोर्डांवर ती सोय मिळत नाही. बोर्ड बदलल्यावर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती बोर्ड बदलायच्या आधीच मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून ठेवा.

खरंच खराब असेल तर

डिस्क ठराविक अंतरानं टक-टक करते, किंवा दुसऱ्याच्या मशीनवरही बायोसमध्ये येत नाही: बिल, खोकं आणि डिस्क ज्यात आली ती चंदेरी पिशवी घेऊन दुकान गाठा. दिसतेय पण कॉपी रखडतेय, तर डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम चालवा आणि यादीतला 'रॉ व्हॅल्यूज'चा रकाना बघा. सी७ चा (डेटा पोहोचतानाच्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर आधी केबल बदला. नव्या डिस्कवर ०५ किंवा सी५ मध्ये (खराब आणि संशयित जागांची मोजणी) शून्याऐवजी काही दिसलं, तर बदलून मागा.

त्याच प्रोग्राममध्ये तापमानही दिसतं. बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंश असते, पण आपल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते. कॅबिनेटच्या पुढच्या पंख्यासमोरची जागा डिस्कला द्या आणि जाळीवरची धूळ झाडा. व्हिडिओ कॉपी करून दोनचार उघडून बघेपर्यंत मोबाइलमधून काही पुसू नका. मध्येच लाइट गेली तर अर्धी फाइल हाती लागते.