कार्डात जागा असूनही व्हिडिओ कॉपी होत नव्हता
प्रवासात इंटरनेटविना पाहता यावा म्हणून एका व्याख्यानाचा, डाउनलोडची रीतसर परवानगी असलेला, सुमारे ५ जीबीचा व्हिडिओ मी संगणकावर उतरवून घेतला. मात्र टॅबलेटच्या मेमरी कार्डावर तो कॉपी करताना, निम्मे कार्ड रिकामे असूनही, ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येत राहिला. कार्डाची माहिती उघडून पाहिली, तेव्हा तेथे ‘फॅट३२’ ही फाइली साठवण्याची रचना दिसली आणि उलगडा झाला: कार्ड कितीही मोठे असले, तरी या रचनेत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. टॅबलेटला ‘एक्सफॅट’ ही ४ जीबीपेक्षा मोठ्या फाइली सामावणारी रचना चालते याची खात्री करून घेतली, कार्डातील छायाचित्रे संगणकावर सुरक्षित ठेवली (फॉरमॅट केल्यावर सारे पुसले जाते, म्हणून ही पायरी मुळीच टाळू नये) आणि कार्ड ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट केले. त्यानंतर व्हिडिओ विनातक्रार कॉपी झाला.