नाल्यातली मोटर आधी काढा, मग पालक पेरा

फेब्रुवारीत विहिरी तळाला गेल्या की शहरालगतच्या गावांत एकेक मोटर गुपचूप सांडपाण्याच्या नाल्यात उतरते. पाणी फुकटचं, पालक महिन्यात कापणीला. कोण सोडेल?

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका वाफ्यात उभा होतो. मेथीची शेंड्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. दुकानदारानं लोहाची कमतरता सांगून महागडं चिलेट (पिकाला सहज घेता येईल असं लोह) दोनदा फवारायला लावलं. फरक शून्य. नाल्याच्या वरच्या अंगाला प्लेटिंगचं, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याचं काम चालतं. माझा संशय त्यातून येणाऱ्या निकेलवर होता, पण तपासणीआधीच मेथी मोडली.

सांडपाण्यातली घाण कुजते, कॅडमियम आणि शिसं हे जड धातू कुजत नाहीत. चुनखडीची काळी जमीन ते धरून ठेवते, म्हणून बरीच वर्षं काही कळतच नाही. कोकणातल्या आम्ल तांबड्या मातीत कॅडमियम मोकळं होऊन मुळात शिरतं. पानावरची शिशाची धूळ धुऊन बरीच जाते, आत शिरलेलं कॅडमियम नाही. खाणाऱ्याच्या मूत्रपिंडात ते 10 ते 30 वर्षं ठाण मांडतं. जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीच्या पाण्यावरचा भात खाऊन माणसांची हाडं ठिसूळ झाली, त्याचं कारण हेच.

‘मृदा आरोग्य पत्रिका आहे की’ असं म्हणू नका. तिच्यातल्या 12 तपासण्यांत कॅडमियम, शिसं नाही. प्रयोगशाळेत जड धातू म्हणून वेगळं सांगा. माती लाकडी खुरप्यानं काढा, गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) बादली नको. पाणी प्लास्टिकच्या बाटलीत न्या. सिंचनाच्या पाण्यात कॅडमियम लिटरला 0.01 मिलिग्रॅमच्या वर असेल तर मोटर बंद.

पालकाची बाकी कामं (हेक्टरी):
- बियाणं 25–30 किलो
- शेणखत 20 टन
- नत्र 80, स्फुरद 40, पालाश 40 किलो
- मातीत जस्त 0.6 पीपीएमखाली (किलोला 0.6 मिलिग्रॅमखाली) असेल तरच झिंक सल्फेट 20 किलो

जस्त कमी पडलं की पीक कॅडमियम जास्त ओढतं, तेव्हा या स्वस्त पोत्यात काटकसर नको. स्फुरद मात्र शिफारशीपुरतंच, त्याच्या खतातूनही थोडं कॅडमियम येतं. जमिनीतला ‘धातू उतरवणारी’ औषधाची बाटली कोणी दाखवली तर खिशात हात घालू नका. शहरी कचऱ्याचं कंपोस्ट घेताना अहवाल मागा: किलोला कॅडमियम 5, शिसं 100 मिलिग्रॅमच्या आत हवं.

जमीन आधीच नाल्यावर भिजलेली असेल तर पालेभाजी, मुळा, गाजर टाळा. भेंडी, वांगी त्यातल्या त्यात बरी, कारण फळात धातू कमी उतरतो. पण तीही विहिरीच्या पाण्यावर.

अहवाल येईपर्यंत नाल्याच्या काठावर जाऊन बसा. बेडूक, खेकडा दिसेना, दगडांवर शेवाळही धरेना, तर मी तरी तिथं मोटर टाकणार नाही.