अम्हारिक अक्षराचा नंबर कसा काढायचा, आपल्या बाराखडीच्या हिशोबाने

अम्हारिक किंवा तिग्रिन्या (इथिओपिया-एरिट्रियाकडच्या भाषा) मजकूर साइटवर नाहीतर ॲपमधे घ्यायचा असेल तर आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, ही इथिओपिक लिपी आपल्या बाराखडीसारखीच चालते पण कॉम्प्युटरमधे साठते वेगळी. आपण 'कि' टाईप केलं की क वेगळा आणि वेलांटी वेगळी असे दोन कोड जातात. तिकडच्या फिदेलमधे (अक्षरमाळेला ते फिदेल म्हणतात) सुटी मात्रा नाहीच, बाराखडीच्या तक्त्यातल्या प्रत्येक घराला स्वतःचा नंबर दिलाय, त्यामुळे बॅकस्पेस एकदा दाबला की मात्रा नाही, आख्खं अक्षर जातं.

युनिकोडमधे (जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला नंबर देणारी यादी) ही लिपी १९९९ साली ३.० आवृत्तीत आली. मुख्य ब्लॉक, म्हणजे नंबरांचा सलग पट्टा, ४६०८ पासून ४९९१ पर्यंत, हेक्समधे (सोळाच्या पटीत मोजायची पद्धत) १२०० ते १३७एफ. आता यातली सुंदर गोष्ट बघा, प्रत्येक व्यंजनाची ओळ आठ घरांची आहे. ह ४६०८ ला सुरू, ल ४६१६, दुसरा एक ह ४६२४, म ४६३२, स ४६४०, र ४६४८ आणि परत एक स ४६५६. घरं शून्यापासून मोजायची: ० म्हणजे आपल्या अ च्या जवळचा स्वर, १ उ, २ इ, ३ आ, ४ ए, ५ म्हणजे स्वर नाही किंवा अगदी निसटता, ६ ओ, आणि ७ ला बहुतेक ओळींत ल्वा, म्वा असलं रूप.

'सलाम' करून बघू, तिकडेही नमस्काराला हाच शब्द आहे. स चं शून्यावं घर ४६५६, ला म्हणजे ४६१६ अधिक ३ म्हणजे ४६१९, शेवटचा म् म्हणजे ४६३२ अधिक ५, ४६३७. झालं, तीन नंबर. एचटीएमएलमधे अँपरसँड, हॅश, नंबर, सेमीकोलन असं लिहा (नंबर इंग्रजी अंकांत) की अक्षर दिसेल. चौकोन दिसले तर बहुतेकदा कोड चुकलेला नसतो, फॉन्ट नसतो, नोटो सॅन्स इथिओपिक टाका.

पण हे आठाचं गणित डोळे मिटून लूपमधे घालू नका. क्व, ग्व सारख्या ओळींत मधली घरं रिकामी आहेत, उदाहरणार्थ ४६८१ ला काहीच नाही.

यूटीएफ-८ मधे (हे नंबर फाइलमधे बाइट करून साठवायची पद्धत) या ब्लॉकचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं, स चे बाइट २२५, १३६, १७६. म्हणजे त्यांचा सलाम ९ बाइट आणि आपला १२, कारण आपला काना वेगळा मोजला जातो. २०२१ मधे आलेला एक्स्टेंडेड-बी ब्लॉक मात्र चार बाइटचा आहे, त्यामुळे मायएसक्यूएल डेटाबेसमधे जुनं यूटीएफ८ (त्यात तीन बाइटपर्यंतच मावतात) न ठेवता यूटीएफ८एमबी४ च घ्या.

खरी डोकेदुखी सर्चची. वर दोन स आले ना, अम्हारिकमधे दोघांचा उच्चार एकच, त्यामुळे कोणी सलाम ४६५६ ने लिहितं कोणी ४६४० ने, माणसाला दोन्ही सारखेच पण कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी कोडरूपं एकसारखी करायची सोय) त्यांना एक करत नाही कारण ती खरोखर वेगळी अक्षरं आहेत. पूर्णविरामाचंही तसंच, त्याचा नंबर ४९६२ आहे पण बरेच लोक शब्द तोडायचं चिन्ह ४९६१ दोनदा टाकतात, दिसायला जवळपास तेच. हे सगळं सर्चसाठी केलेल्या कॉपीत एकसारखं करून घ्या, मूळ मजकुराला हात लावू नका. आणि भाषा तिग्रिन्या असेल तर ४६०८ आणि ४६२४ वाले दोन ह अजिबात एक करू नका, तिथे त्यांचे उच्चार आजही वेगळे आहेत.