करिअर मॅनेजरच्या भरवशावर सोडू नका, स्वतः असं हातात घ्या

अप्रेझलचा फॉर्म आला की बहुतेक जण वर्षभरात काय काय केलं ते आठवत बसतात आणि शेवटी कशाबशा चार ओळी लिहून मोकळे होतात. मॅनेजरना तरी कुठे सगळं आठवतं, त्यांच्या डोक्यात शेवटचे दोन-तीन महिनेच ताजे असतात. याला रीसेन्सी बायस म्हणतात आणि त्यात त्यांचा वाईट हेतू असतोच असं नाही, त्यांच्यामागेही दहा व्याप असतात. म्हणून आपल्या कामाचा हिशोब आपणच ठेवायचा.

आजच एक साधी फाईल उघडा आणि आठवडा संपताना दहा मिनिटं तिच्यात लिहा. अडचण काय होती, त्यात तुम्ही स्वतः काय केलं आणि त्याने फरक काय पडला, एवढंच. "रिपोर्टचं काम सुधारलं" असं लिहून काही उपयोग नाही, "जो रिपोर्ट बनवायला दोन दिवस जायचे तो आता दोन तासांत होतो" असं लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला लगेच कळतं. कुणी कौतुकाचा मेल केला तर त्याची तारीख आणि कशाबद्दल होता ते पण टाका. फक्त कंपनीचा गोपनीय डेटा त्यात उतरवू नका.

मग तुम्हाला जी पोस्ट हवी आहे तिचं जॉब डिस्क्रिप्शन शोधा, कंपनीच्या इंटर्नल पोर्टलवर नाहीतर बाहेरच्या जाहिरातींत मिळतं. एकेक ओळ वाचत जा आणि हे मी करतो, हे कधीतरी केलंय, हे कधीच नाही, अशी खूण करा. "कधीच नाही"मधली एकच गोष्ट निवडा, सगळं एकदम सुरू केलं तर काहीच धड होत नाही. आणि लगेच कोर्स विकत घ्यायला धावू नका हो! माणूस मुख्यतः प्रत्यक्ष कामातून शिकतो, त्यामुळे शिकलेलं लगेच वापरायला मिळणार असेल तरच कोर्स करा, नाहीतर सर्टिफिकेट नुसतं प्रोफाईलवर पडून राहतं.

आता खरं महत्त्वाचं, मॅनेजरशी बोलणं. हे अप्रेझलच्या मीटिंगमध्ये करू नका, तोपर्यंत बऱ्याच ठिकाणी रेटिंग आणि बजेट ठरून गेलेलं असतं. तीन-चार महिने आधी वेगळा अर्धा तास मागा आणि सरळ विचारा, "मला पुढच्या लेव्हलला जायचंय, तुमच्या मते माझ्यात अजून काय कमी पडतंय? आणि ते करून दाखवायला कुठलं काम मला देता येईल?" "माझं काम कसं वाटतं" असं मोघम विचारलं की "छान चाललंय" एवढंच उत्तर येतं आणि त्यातून हाताला काही लागत नाही. नवीन काम मिळालं तर जुन्यातलं कुठलं कमी होणार तेही तिथेच ठरवून घ्या, नाहीतर दोन्हीकडे ओढाताण होऊन दोन्ही कामं बिघडतात. बोलून झालं की ठरलेल्या गोष्टी त्याच दिवशी छोट्या मेलमध्ये लिहून पाठवा, मॅनेजर बदलले तरी नोंद राहते.

ओळखीही वाढवत राहा, आणि नुसत्या रोजच्या टीममधल्या नाही. १९७३ मध्ये समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी दाखवलं होतं की नोकरीची खबर बरेचदा जवळच्या मित्रांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून मिळते, कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. तेव्हा जुन्या सहकाऱ्यांना, दुसऱ्या डिपार्टमेंटमधल्या लोकांना अधूनमधून मेसेज करा, काम नसतानाही.

आणि दोनदा स्पष्ट बोलून, ठरलेलं सगळं करून दाखवूनही "बघू, पुढच्या वर्षी" हेच ऐकायला मिळत असेल तर ते उत्तरच समजा. मनाला लावून घेऊ नका, आधी कंपनीतच दुसऱ्या टीममध्ये जागा आहे का ते बघा आणि नसेल तर त्या फाईलमधून रेझ्युमे तयार करून बाहेर अर्ज टाकायला लागा.