दुबईची ऑफर आली आहे? ‘हो’ म्हणण्याआधी हे हिशेब करा

दुबईची ऑफर आली की घरात सर्वांत आधी गुणाकार होतो. कुणीतरी मोबाईल काढतं, दिरहमच्या आकड्याला रुपयाच्या दराने गुणतं आणि उत्तर मोठ्याने वाचतं. 2011 साली आमच्या चिपळूणच्या घरात हे काम मावसभावाने केलं होतं. दिरहम तेव्हा बारा-तेरा रुपयांना होता, तरी आकडा ऐकून आईने देवापुढे साखर ठेवली. वडील मात्र गप्प. रात्री पानावर बसल्यावर त्यांनी एकच विचारलं, “परत कधी यायचं ठरवलंयस?” मी हसलो. अजून गेलो नाही आणि परतायचं काय बोलता, असं काहीतरी म्हणालो.

नऊ वर्षं राहिलो. आता कुणी भाचा-पुतण्या ऑफर लेटर घेऊन आला की मी वडिलांचाच प्रश्न आधी विचारतो, कारण बाकीचे सगळे हिशेब त्याच्या उत्तरावर उभे असतात. खाली लिहिलंय ते यूएईपुरतं आहे. सौदी, कतारचे कायदे वेगळे. जर्मनी-कॅनडा तर निराळंच प्रकरण, कारण तिथे कायमचं राहण्याचा रस्ता असतो. दुबईत नोकरीवरचा व्हिसा साधारण दोन वर्षांचा. नोकरी गेली की व्हिसा कॅन्सल. म्हणजे बहुतेकांना परत यायचंच असतं. केव्हा आणि काय घेऊन, एवढंच आपल्या हातात.

आधी परतीचं लिहून काढा

एका कागदावर तीन गोष्टी लिहा: किती वर्षं, किती रक्कम, कशासाठी. “चार वर्षं, 40 लाख, घराचं कर्ज फेडायला” असं. “बघू, जमेल तेवढं” असं लिहिणारी माणसं मी तिथे पंधरा-पंधरा वर्षं पाहिली आहेत. दर दोन वर्षांनी व्हिसा वाढतो, दर दोन वर्षांनी गावच्या घरावर एक मजला चढतो, आणि त्या घरात राहायला कुणी नसतं. खेड-दापोलीच्या रस्त्याला असे बंगले मोजायला गेलात तर हाताची बोटं पुरणार नाहीत.

हा कागद नवरा-बायकोने मिळून लिहायचा. वेगवेगळा लिहिलात आणि आकडे जुळले नाहीत, तर ऑफरबद्दल बोलणं तिथेच थांबवून आधी ते जुळवा.

ऑफर लेटरमध्ये ‘बेसिक’ शोधा

एकूण पगार ठळक अक्षरात असतो. तुमचे डोळे जायला हवेत ते बेसिकवर, म्हणजे भत्ते वगळून उरणाऱ्या मूळ पगारावर. यूएईत परदेशी कर्मचाऱ्याला सरकारी पेन्शन नाही. त्याऐवजी असते ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, आणि ती फक्त बेसिकवर मोजतात: पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला 21 दिवसांचं बेसिक, त्यापुढे दर वर्षाला 30 दिवसांचं. एक वर्षही पूर्ण केलं नाही तर काहीच नाही.

समजा दोन कंपन्या 12,000 दिरहम देताहेत. एकीचं बेसिक 5,000, दुसरीचं 8,000. पाच वर्षांनी पहिली 17,500 दिरहम ग्रॅच्युइटी देईल, दुसरी 28,000. दिरहम 23 रुपये धरला (लेखभर हाच दर धरतो, तुम्ही त्या दिवशीचा घाला) तर हा फरक 2,41,500 रुपयांचा आहे. ओव्हरटाइम आणि न घेतलेल्या रजेचे पैसेही बेसिकवरच निघतात. माझ्या पहिल्या कंपनीने बेसिक चाळीस टक्क्यांवर ठेवलं होतं, आणि मला ते शेवटच्या दिवशी हिशेबाच्या कागदावर कळलं. सही माझीच होती, भांडणार कुणाशी?

पगार वाढवून मागायला लाज वाटत असेल तर एकूण तोच ठेवून बेसिक वाढवून मागा. कंपनीचा दर महिन्याचा खर्च त्याने वाढत नाही, त्यामुळे पुष्कळदा मान्य होतं.

बाकीचं भराभर. प्रोबेशन कायद्याने सहा महिन्यांपेक्षा जास्त नसतं आणि त्या काळात कंपनी 14 दिवसांच्या लेखी नोटिशीवर काढू शकते. वर्ष भरल्यावर 30 दिवस रजा; पण हे दिवस कॅलेंडरचे, शनिवार-रविवार धरून. घरी येण्याचं दरवर्षीचं तिकीट करारात लिहिलं असेल तरच मिळतं, तोंडी आश्वासनावर विमान उडत नाही. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायला बंदी घालणारं कलम असू शकतं, ते नीट वाचा. कंपनी डीआयएफसी या दुबईतल्या खास वित्तीय क्षेत्रात असेल तर तिथला कामगार कायदाच वेगळा आहे.

दोन रकाने मांडा: एकटा आणि बिऱ्हाडासकट

पगार तोच, पण ही दोन आयुष्यं इतकी वेगळी आहेत की त्यांना दोन वेगळ्या ऑफर समजा.

वरचाच 12,000 दिरहमचा पगार घेऊ. एकटं राहिलात, खोली वाटून घेतलीत, तर भाड्याचे 1,500, जेवणाचे 1,000, मेट्रो-बसचे 400, फोनचे 200, वरखर्चाचे 500. एकूण 3,600. उरले 8,400 दिरहम, म्हणजे 1,93,200 रुपये.

आता बायको आणि एक मूल. वन बेडरूमचं भाडं वर्षाला 60,000 धरलं तर महिन्याला 5,000. त्यावर दुबईत भाड्याच्या 5 टक्के हाउसिंग फी वीज-पाण्याच्या बिलातून जाते, ती 250. वीज-पाणी 450, किराणा 1,800, शाळेची फी 1,200, शाळेची बस 500, तुमचा प्रवास 400, फोन-इंटरनेट 450, बायको-मुलाचा विमा 200, वर्षातून एकदा घरी येण्याच्या तिकिटांसाठी बाजूला 500. बेरीज 10,750. उरले 1,250 दिरहम, म्हणजे 28,750 रुपये.

माझे आकडे अंदाजाचे आहेत. तुम्ही तुमच्या भागातली भाडी आणि शाळेची खरी फी शोधून घाला. पण आकार साधारण असाच राहतो. पुण्यात स्वतःच्या घरात राहून 1,10,000 हातात पडणारा माणूस महिन्याला याहून जास्त मागे टाकत असेल, आणि बायकोची नोकरी चालू असेल ती वेगळीच.

दोन रकान्यांतला फरक 7,150 दिरहम, म्हणजे 1,64,450 रुपये. एकत्र राहण्याची ही महिन्याची किंमत. काहींना ती रास्त वाटते, काहींना नाही. माझं मत विचाराल तर मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत बिऱ्हाड वेगळं ठेवून पैसा जोडू नये. मी दोन वर्षं जोडला. मुलगी स्क्रीनवरच्या बाबाला ओळखायची, सुट्टीवर दारात उभ्या राहिलेल्या बाबाला नाही.

पहिल्या तीन महिन्यांचे पैसे इथूनच लागतात

हे कुणी सांगत नाही. दुबईत भाडं पुढच्या तारखांच्या चेकने जातं; वर्षाचे चार चेक मिळाले तर बरं, कुठे दोन मागतात, कुठे एकच. चार चेक धरले तर वरच्या घरासाठी पहिला चेक 15,000, डिपॉझिट 5 टक्के म्हणजे 3,000, एजंटची दलाली 3,000 आणि वीज-पाण्याच्या जोडणीची अनामत 2,000. झाले 23,000 दिरहम, म्हणजे 5,29,000 रुपये. यात गादीसुद्धा नाही. आणि पहिला पगार हातात पडायला महिना जाणार.

म्हणून ऑफरवर सही करण्याआधी विचारा: भाड्यासाठी आगाऊ रक्कम देता का? सुरुवातीचे किती दिवस राहायला जागा देता? चांगल्या कंपन्या यातलं काहीतरी देतात. नाहीच दिलं तर पहिले चार-सहा महिने एकट्याने काढून मग बिऱ्हाड न्या. बायको-मुलांचा व्हिसा काढायला 4,000 दिरहम पगार, किंवा 3,000 आणि राहण्याची जागा, अशी अट असते. व्हिसा त्यामुळे सहज निघतो, पण 4,000 मध्ये बिऱ्हाड चालत नाही.

मुलांची इयत्ता आणि बायकोची नोकरी

इथे घाई करू नका. तिथल्या बहुतेक भारतीय शाळा सीबीएसईच्या आणि वर्ष एप्रिलला सुरू. आपल्या स्टेट बोर्डातलं मूल पाचवी-सहावीत सहज रुळतं. नववी-दहावीच्या मध्ये मात्र हलवू नका.

त्याहून मोठी अडचण परतीची. मुलीला डॉक्टर व्हायचं असेल तर महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. दुबईत बारावी केली की त्या जागा हातून जातात, आणि एनआरआय कोट्याची फी ऐकली तर आतापर्यंतची सगळी बचत एका वर्षात संपेल असं वाटतं. मूल आठवीत असताना जाणाऱ्याने परतीचं वर्ष या अटीवरून ठरवावं.

बायको तुमच्या व्हिसावर आली तरी तिला नोकरी करता येते, वर्क परमिट तिची कंपनी काढते. पण नर्स, डॉक्टर, फार्मासिस्ट असेल तर तिथला परवाना आधी मिळवावा लागतो. तो अर्ज इथूनच सुरू करता येतो. तिने इथली नोकरी सोडण्यापूर्वी करा. नुसत्या “मिळेल काहीतरी” वर कुणाची दहा वर्षांची नोकरी सोडायला लावू नका.

आई-वडिलांचंही तेव्हाच बोलून घ्या. रात्री दोनला दवाखान्यात कोण नेणार, या प्रश्नापुढे एका माणसाचं नाव लिहिता आलं पाहिजे. ‘शेजारीपाजारी’ हे नाव नाही.

ऑफर खरी आहे का

तीन गोष्टी दिसल्या तर तिथेच थांबा. व्हिजिट व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून देऊ. ‘आझाद व्हिसा’ आहे, कुठेही काम करा. व्हिसाचे दीड-दोन लाख द्या. यूएईच्या कायद्याने भरतीचा आणि व्हिसाचा खर्च कंपनीने करायचा असतो, आणि व्हिजिट व्हिसावर काम करणं गुन्हा आहे. भारतातल्या नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढीच फी घेता येते. एजंटची नोंदणी खरी आहे का ते केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं.

दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टला ईसीआर लागतो, म्हणजे ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी सरकारची मंजुरी हवी, अशी नोंद. त्याला यूएईत नोकरीवर जायला ही एमिग्रेशनची मंजुरी लागते, आणि ती याच पोर्टलवरून मिळते. त्याबरोबर प्रवासी भारतीय विमा निघतो: दोन वर्षांचे 275 रुपये, तीन वर्षांचे 375, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाख. सुशिक्षित माणसाला यातलं काही लागत नाही, म्हणून तो चौकशीच करत नाही आणि व्हिजिट व्हिसावर सगळ्यात जास्त तोच फसतो, असा माझा अनुभव.

पासपोर्ट कंपनीकडे ठेवायचा नाही. कायद्याने त्यांना तो ठेवून घेता येत नाही.

निघण्याची तारीख

एका आर्थिक वर्षात भारतात 182 दिवसांपेक्षा कमी राहिलात तर नोकरीसाठी परदेशी गेलेला माणूस त्या वर्षासाठी अनिवासी ठरतो आणि तिथल्या पगारावर इथे कर लागत नाही. म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत निघालात तर बरं. नोव्हेंबरात निघालात तर त्या वर्षी तुम्ही निवासीच, आणि मार्चपर्यंतचा दुबईचा पगार इथे दाखवावा लागतो. यूएईत कर शून्य असल्यामुळे वजा करायलाही काही नसतं. रुजू होण्याची तारीख एप्रिलवर ढकलता आली तर सीएला एकदा विचारून ढकला.

बँकेत जाऊन बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं भारतातल्या मिळकतीसाठीचं खातं, करून घ्यायचं आणि तिथला पगार पाठवायला एनआरई हे वेगळं अनिवासी खातं उघडायचं. एनआरईचं व्याज करमुक्त असतं. जुना पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतो.

राजीनामा सगळ्यात शेवटी

डिग्री आणि लग्नाचं प्रमाणपत्र राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि यूएईचा दूतावास अशा पायऱ्यांनी साक्षांकित करायला काही आठवडे जातात. ते ऑफरची बोलणी चालू असतानाच सुरू करा. व्हिसाच्या मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे असतो. लहानपणी टीबी होऊन गेला असेल, फुप्फुसावर डाग असेल, तर इथल्या डॉक्टरांना दाखवून कागद तयार ठेवा आणि कंपनीला आधी विचारा. आमच्या फ्लॅटमधला एक मुलगा पुण्यातली नोकरी सोडून आला आणि विसाव्या दिवशी या कारणाने परत गेला.

मी राजीनामा ऑफर लेटरवर दिला नव्हता. प्रवेश परवान्याची प्रत हातात पडल्यावर दिला. इथली नोटीस सहा आठवड्यांची होती, तिथली कंपनी लगेच या म्हणत होती. कुरकुरली, पण थांबली. परवान्याला दोन महिन्यांची मुदत होती. मी त्रेपन्नाव्या दिवशी उतरलो.