आडव्या वाऱ्यात सेसना 172 उतरवण्याआधी

सोलो सर्किटला (एकट्याने उडून, धावपट्टीभोवती फेरी मारून पुन्हा उतरायला) निघताय आणि विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) धावपट्टीला आडवा ताणलेला दिसतोय, तर इंजिन सुरू करण्याआधी हे वाचा. इंधन, पट्टे, कागदपत्रं यावर बोलत नाही. सीट मात्र रुळावर पक्की बसली का ते हलवून बघा आणि दोन्ही रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी पायाखालची पेडल; ब्रेकही त्यांच्याच वरच्या टोकाला) पूर्ण दाबून पाहा. पाय पुरत नसेल तर पुढचं सगळं फुकट.

वाऱ्याचा हिशेब जमिनीवरच करा. रनवे 27 (म्हणजे धावपट्टीची दिशा 270 अंश) आणि वारा 310 अंशांवरून 14 नॉट्स, म्हणजे कोन 40 अंशांचा, आडवा वारा साधारण 9 नॉट्स. 172एसच्या हँडबुकात 15 नॉट्स लिहिलेत, पण तो चाचणीत करून दाखवलेला आकडा आहे. तुम्ही प्रशिक्षकाने घालून दिलेली मर्यादाच पाळा. धुळे-शिरपूरकडे उन्हाळ्यात दुपारी झोत येतात. तेव्हा हिशेबात झोताचाच आकडा धरा.

आता मुख्य गोष्ट, मागच्या खेपेला माझ्याकडून राहिलेली: चाकं टेकल्यावर एलरॉन (विमान एका बाजूला कलवणारी पंखाच्या मागच्या कडेची झडप) सोडायचा नाही. वारा उजवीकडून असेल तर योक (एलरॉन हलवणारं हातातलं चाक) उजवीकडे, आणि वेग उतरेल तसा आणखी उजवीकडे, शेवटी पार टोकापर्यंत. वेग कमी झाला की एलरॉनचा जोर कमी होतो, म्हणून तो वाढवत न्यायचा. सोडलात तर उजवा पंख उचलतो, त्या चाकावरचा भार जातो, शेपटीवर वारा बसतो आणि नाक वाऱ्याकडे वळतं. तोवर रडरही मऊ पडलेला असतो. घाबरून एकच ब्रेक दाबला की विमान गवतात. फायनलवर (धावपट्टीकडे सरळ येण्याच्या शेवटच्या टप्प्यात) मोठ्याने म्हणा: टेकल्यावर योक वाऱ्याकडे. टेकल्यावर पुन्हा म्हणा.

फुल फ्लॅपला (पंखामागच्या, हळू उतरायला मदत करणाऱ्या झडपा पूर्ण खाली असताना) फायनलचा वेग 60 ते 70 नॉट्स; झोत असतील तर झोताच्या वाढीव वेगाचा निम्मा त्यात मिळवा, जास्त नको. जास्त वेगात योक पुढे ढकलून विमान जबरदस्तीने टेकवलं तर सगळा भार नोजव्हीलवर (नाकाखालच्या चाकावर) येतो आणि ते कुठेही वळतं. टाचा जमिनीवर, बोटं ब्रेकपासून लांब. वाऱ्याकडचं चाक आधी टेकू द्या. आणि योक? वाऱ्याकडेच!

सेंटरलाइन सुटतेय, नाक तिरकं आहे, तर टेकवू नका. पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची पूर्ण ताकद), उजवा रडर, फ्लॅप 20 अंशांवर, पुन्हा सर्किट. यात लाज कसली?

टॅक्सी करताना वारा पुढून असेल तर योक वाऱ्याकडे, मागून असेल तर वाऱ्यापासून दूर आणि पुढे दाबलेला. चाकांना चोक (अडणी) लावा, दोर बांधा.